विंगेतला हेराकाजी

हेराकाजी स्थापितचा आवाज मी आयुष्यभर ऐकला, पण प्रेक्षकांनी कधीच नाही. काठमांडूच्या नाचघरात, आमच्या नाट्यगृहात, तो प्रॉम्प्टर होता. माझी धाकटी बहीण मोतीशोभा आणि मी जोडीनं नाचायचो, नाटकातही असायचो. मी वाक्य विसरायची आणि विंगेतून फुंकर घातल्यासारखे शब्द यायचे. टाळ्या मला मिळायच्या. तो अंधारात चहा पीत बसलेला असायचा.

पुढे नाटकं कमी झाली. हेराकाजीनं बागबझारात, एका दहीवाल्याच्या वरच्या मजल्यावर खोली घेतली आणि परदेशी निघालेल्यांचा प्रवास विमा काढून देऊ लागला. वकिलातीत व्हिसाचा अर्ज करायचा तर हा विमा लागतोच. जिना अरुंद, पण दिवसभर गजबजलेला. प्रवासाला निघताना आणि परतल्यावर दही-अंडं खायला द्यायचं, हा आमच्याकडचा शकुन; विमा झाला की खालून दही आणि उकडलेलं अंडं मागवून तो केल्याशिवाय हेराकाजी कुणाला सोडत नसे.

कलमं समजावून सांगायची त्याची एक तऱ्हा होती. आजारपण, हरवलेली बॅग, चुकलेलं विमान, हे सगळं खणखणीत आवाजात. मग एका ठिकाणी आवाज एकदम विंगेत जाई. परदेशात माणूस दगावलं तर देह मायदेशी आणायचा खर्च कंपनी करील, हे ते कलम. निघताना असलं ऐकणं अशुभ. पाल्प्याहून आलेले एक म्हातारे ते ऐकून शकुनाचं अंडं तसंच टाकून जिना उतरले होते. तेव्हापासून हेराकाजी ते नुसतं पुटपुटायचा.

मोती लिस्बनला मुलाकडे राहत होती. तिचे गुडघे गेले होते, तिला इकडे येणं शक्य नव्हतं. "दिदी, तू आली नाहीस तर आपली भेट संपली," असं ती फोनवर म्हणायची आणि मी दर वेळी काहीतरी कारण सांगायची. खरं कारण कुणाला सांगितलं नव्हतं. आमच्या टोलातल्या, म्हणजे वस्तीतल्या, घरांची मिळून एक गुठी आहे. कुणी गेलं की गुठीची माणसं येतात, खांदा देतात, नदीवर नेतात. माझ्या सासूला, नवऱ्याला त्यांनीच नेलं. तिकडे मला काही झालं तर कोण उचलणार? या भीतीनं मी बहिणीला टाळत होते.

शेवटी एक दिवस जिना चढले. हेराकाजीनं सगळं वाचलं, आणि त्या कलमापाशी नेहमीसारखा पुटपुटला.

"काय म्हणालास? शेवटच्या रांगेपर्यंत जाऊ दे आवाज."

"दिदी, शकुनाच्या वेळी नको."

"अरे भाइ, त्याच ओळीसाठी आलेय मी. बाकीचं तुझं तू ठेव."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग उभा राहिला, घसा साफ केला आणि ते कलम असं म्हटलं, की जिन्यातली कुजबुज थांबली. आमच्या कित्येक नायकांना ते जमलं नसतं.

"म्हणजे घरापर्यंत आणतील?"

"विमानतळापर्यंत."

"आणि तिथून?"

"तिथून तुमची गुठी. तिला निरोप द्यायला मी."

"तू काय विंगेतून निरोप देणार?"

"तिथंच तर उभा होतो इतकी वर्षं. तुम्ही थांबलात की पुढचं वाक्य माझं."

मी अंड्याची बशी जवळ ओढली. "आणि मेलेच नाही तर?"

"तर कंपनी खूश. आणि मला गुठीच्या दारात धावावं लागणार नाही. अंडं खा, दिदी, गार होतंय."

व्हिसा मिळाला. लिस्बनला मोतीनं स्वयंपाकघरात ओट्याची कड धरली, मी कंबर धरली, आणि आम्ही आमचा जुना नाच नाचलो. पाय चुकले की दोघी एकमेकींवर ओरडायचो, पूर्वीसारख्याच. निघताना ती रडली नाही, मीच रडले.

काठमांडूला उतरले तर बाहेर ही गर्दी. हातगाड्या, हार, टॅक्सीवाले. मी दारातच थिजले. कुठून बाहेर पडायचं काही सुचेना, भर प्रवेशात वाक्य गेल्यासारखं झालं.

"दिदी! डावीकडून!"

लोक वळून बघायला लागले, एवढा मोठा आवाज. कठड्यापलीकडे हेराकाजी उभा होता, हातात पानानं झाकलेलं दही आणि अंडं.

"चालत आलात की!" तो म्हणाला.

"का रे, निराश झालास?"

"फार. सकाळपासून उभा आहे, पाय गेले माझे."

आता हेराकाजी नाही. त्याच्या गुठीनं त्याला नेलं तेव्हा मी गल्लीच्या तोंडाशी उभी होते. पण मला तो आठवतो तो त्या कठड्यापाशी, एवढ्या माणसांसमोर ओरडल्यामुळे लाजलेला. अंडं गार झालं होतं. मी ते तिथंच, उभ्यानं खाल्लं.