बकरीची पुढची गोष्ट

पक्षाघातानंतर आईचा उजवा हात हळूहळू हलायला लागला, पण बोलणं परत येईना. समोरच्याचं सगळं कळायचं, ओठ हलायचे, शब्द मात्र बाहेर पडायचा नाही. राणीसावरगावच्या शेतात हाक मारली तर पलीकडच्या धुऱ्या-बांधावर ऐकू जायची, अशी ती बाई. आता पालमला माझ्या घरात भिंतीकडं तोंड करून पडून राहायची. परभणीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "चित्रं दाखवा. बोलण्याची घाई करू नका."

बायकोनं लहान मुलांचा तक्ता आणला. आंबा, घर, बस. आईनं एकदा बघितलं आणि मान फिरवली.

"तुमची ती रद्दी काढा की," बायको म्हणाली.

रद्दी म्हणजे माझा संग्रह. मी पंपाच्या जळालेल्या मोटारींचं रिवाइंडिंग करतो, आणि वेळ मिळेल तशी जुनी कॉमिक्स आणि वर्तमानपत्रांतल्या तीन-चार चौकटींच्या चित्रकथा जमवतो. रद्दीवाल्यांकडून, किराण्याच्या पुड्यांवरून, मिळतील तिथून. आई पूर्वी शेजारणींना सांगायची, "पोरगं कागदं येचत फिरतंय." म्हणून तिला मी कधी दाखवलंच नव्हतं.

त्या दिवशी कपाटातून एक मालिका काढली. एक ढेरपोट्या शिपाई आणि त्याची आगाऊ बकरी. ते वर्तमानपत्र कधीच बंद पडलंय. तिसऱ्या चौकटीत शिपाई घोरतोय आणि बकरी त्याच्या फडक्यातल्या भाकरीला तोंड लावते. आईनं कागद डोळ्यांजवळ घेतला. तिनं जन्मभर बकऱ्या राखल्या होत्या. तिचा डावा हात वर गेला.

"हाकल!" ती ओरडली.

बायको पिठाचे हात तसेच घेऊन धावत आली. "आत्या, काय म्हणालात?"

"हाकल... तिला!" आणि आई हसायला लागली. मी मात्र कागद चुरगळेल म्हणून तिच्या हातातून काढून घेतला आणि तोंड फिरवून डोळे पुसले.

मग हे रोजचंच झालं. आईला वाचता येत नाही, ती चित्रावरून सांगायची, एकेक शब्द जुळवत. बकरी बाजारात हरवली, शिपाई तिला शोधत निघाला, आणि तिथंच माझ्याकडचे कागद संपले.

"फुडं?" आईनं विचारलं.

पुढचे भाग एकाच माणसाकडं असणार, हे मला माहीत होतं. चारठाण्याचे एक म्हातारे गुरुजी. आमची फोनवरची ओळख. त्यांच्याकडं ती मालिका पूर्ण होती, पण कागद ते कुणाला देत नसत.

"न्हाई जमायचं," ते म्हणाले. "लय ठिसूळ झालाय कागद. घराबाहेर काढत न्हाई मी."

मी आईचं सांगितलं.

"बोलायल्यात का त्या आता?"

"थोडं थोडं. पुढं काय झालं, म्हणून विचारायलीय."

त्यांनी फोन ठेवून दिला. मी ते सोडून दिलं. पण रविवारी जिंतूर आणि परभणीला गाड्या बदलून गुरुजी स्वतः पालमच्या स्टँडवर उतरले. पुठ्ठ्यांत बांधलेला गठ्ठा छातीशी धरलेला. घरी आल्यावर पाणीसुद्धा त्यांनी गठ्ठा भिजू नये म्हणून लांब ठेवूनच घेतलं.

आईच्या बाजेशेजारी बसून ते मोठ्यानं वाचायला लागले. दोन चौकटी झाल्या असतील.

"तुमी... थांबा," आई म्हणाली. "मी सांगते."

ती सांगायला लागली. आपल्या गोष्टीत तिनं शिपायाला त्याच्या सासऱ्याच्या घरी नेलं, बकरीला उसाच्या फडात. गुरुजींना राहवेना.

"माय, असं न्हाई लिहिलेलं इथं."

"मी सांगायलेय न्हवं? गप ऐका!"

एवढं सलग वाक्य तिच्या तोंडून किती दिवसांनी ऐकलं! गुरुजींनी चष्मा काढून मांडीवर ठेवला आणि शेवटपर्यंत गप ऐकलं. बकरी सापडली. जेवताना ते मला हळूच म्हणाले, "कपाटात ठेवून मी एकट्यानंच वाचीत होतो की हो हे."

त्यानंतर ते अधूनमधून येतात, दर वेळी नवा गठ्ठा घेऊन. आईचे काही शब्द अजून अडतात. चमच्याला ती कधी कधी किल्ली म्हणते आणि स्वतःच वैतागते. पण काठी घेऊन अंगणात फिरते. परवा गुरुजींनी मला त्यांचं कपाट बघायला बोलावलं, तर आईनं माझ्या हातातून फोन घेतला.

"मलाबी यायचंय. तुमच्या गावची देवळं बघते, अन् कपाटबी."

पुढच्या आठवड्यात आई, बायको आणि मी, आम्ही तिघं चारठाण्याला जाणार आहोत. खिडकीची जागा आईनं आत्ताच सांगून ठेवलीय.