खालाच्या रक्तात काय दिसलं

"मंग, काय दिसलं माह्या रक्तात?"

अकोल्याहून खालाचा फोन आला की पहिला प्रश्न हाच. खाला आमच्या शेजारी राहायची, शिवणकाम करायची. माझे शाळेचे सगळे गणवेश तिनंच शिवले. तिच्या छातीत गाठ निघाली तेव्हा मी अमरावतीत पीएच.डी. करत होते आणि माझा विषय नेमका कॅन्सरच्या पेशींचा होता. त्यामुळे माझ्याकडे उत्तर असणारच, असं तिनं ठरवून टाकलं होतं.

माझ्याकडे होती ती एक काचपट्टी. तिच्यावर मुंबईच्या एका प्रयोगशाळेतून करून आणलेल्या सोन्याच्या बारीक रेघा आणि त्यांच्यावरून जाणारी केसासारखी अरुंद नळी. नळीतून पातळ केलेलं रक्त सोडायचं आणि रेघांना वीज द्यायची. वीज सेकंदाला किती वेळा दिशा बदलते ते नीट जुळलं, की कॅन्सरच्या पेशी रेघांच्या कडेला ओढल्या जाऊन अडकतात आणि रक्ताच्या पेशी वाहून जातात. कागदावर सगळं छान होतं. प्रत्यक्षात नळीत बुडबुडा शिरायचा, सोनं सुटून यायचं, आणि भारनियमन तर रोजचंच. विजेचा प्रयोग मी वीज नसलेल्या गावात करत होते.

दिवसही तसेच होते. सकाळी पेपर उघडला की शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्या. वलगावला मामाच्या गल्लीत दिल्लीच्या टीव्हीवाल्यांची गाडी येऊन गेली. विभागातला एक सहकारी चहा पिताना म्हणाला, "इथं माणसं मरून राहिली, अन् तू एकेक पेशी वेचून राहिली." तो वाईट मनानं बोलला नव्हता. पण त्यानंतर माझं बूड खुर्चीला लागेना. उठायची, खिडकीपर्यंत जायची, पुन्हा येऊन बसायची.

खालानं रक्त स्वतःहून दिलं. तिच्या डॉक्टरांची आणि आमच्या विद्यापीठाच्या नैतिकता समितीची परवानगी घेतली होती. "याचा तुले काही उपयोग नाही होणार, हे संशोधन हाय," असं मी तिला सांगितलं. तिनं मान हलवली आणि सही केली. रक्ताची नळी बर्फाच्या डब्यात घालून, डबा मांडीवर धरून मी एसटीनं अमरावतीला आणली. त्या रक्तातल्या काही मोठ्या, गोल पेशी रेघेला अडकल्या. कॅन्सरच्या असतील. पांढऱ्या पेशीही असतील, त्यातल्या काही तेवढ्या मोठ्या असतात. रंग देऊन खात्री करण्याआधीच बुडबुडा आला आणि त्या वाहून गेल्या. माझे मार्गदर्शक सर म्हणाले, "नक्की सांगता येत नाही, एवढंच लिही."

खालालाही मी तेवढंच सांगितलं. फोन येतच राहिले.

मग एका दुपारी ती प्रयोगशाळेच्या दारातच उभी दिसली. डोक्याला ओढणी घट्ट गुंडाळलेली, जिना चढून धाप लागलेली.

"खाला, एकटी काहून आली?"

"तू फोनवर सांगत नाही ना. मले माह्या डोळ्यानं पाहू दे."

तिचं रक्त तिथं नव्हतंच. त्या दिवशी मी माझ्याच रक्तात, प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशी मिसळून चाचणी घेत होते. तिला खुर्ची दिली, सूक्ष्मदर्शक जुळवून दिला. ती वाकून बराच वेळ पाहत राहिली.

"हे काठाले चिकटून राहिले, हेच का?"

"हो."

"माहे?"

"नाही खाला. दुसऱ्या एका बाईचे हायेत. परदेशातली होती. ती कवाचीच गेली. तिच्या पेशी लोक बाटलीत वाढवून राहिले."

खालानं डोळा वर केला. "बाई मेली, अन् हे जिते?"

"हो."

"तिले इचारलं होतं?"

मला माहीत नव्हतं. मी कधी कुणाला विचारलंही नव्हतं. खाला पुन्हा वाकली, आणि तेवढ्यात वीज गेली. सूक्ष्मदर्शकाचा दिवा आणि नळीत रक्त ढकलणारा पंप इन्व्हर्टरवर होते, रेघांना वीज देणारं यंत्र नव्हतं.

"अगं, सुटले! सगळे चालले!" खाला ओरडली. "धर ना त्याईले!"

"लाइन आल्याशिवाय नाही धरता येत."

"मंग माह्या अंगातले कोन धरीन?"

"औषध. केमोची सलाईन चालू हाय ना तुही?"

ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "सलाईनच्या दोन पाळ्या झाल्या, मी गेलीच नाही. उलट्यानं जीव जाते, बेटा. म्हणलं, तू पाहून सांगशीन रक्तात आता कायी नाही, मंग कायले जावं?"

मी एवढे दिवस 'सांगता येत नाही' म्हणत होते, आणि ती तिकडे औषध सोडून माझ्या उत्तराची वाट पाहत होती.

पेशी, पंप, सगळं तसंच टाकलं आणि तिला घेऊन अकोल्याच्या एसटीसाठी स्टँड गाठला. मूर्तिजापूरपर्यंत ती खिडकीला डोकं टेकून होती. मी घड्याळ बघत होते, डॉक्टर निघून जातील म्हणून. ते भेटले. आधी तिला रागावले, मग मला विचारलं, "तुम्ही हिला काय सांगितलं होतं?" मी जे सांगितलं होतं ते सांगितलं. "आणि तिनं काय ऐकलं?" ते म्हणाले आणि पुढची तारीख लिहून दिली.

खालानं उपचार पूर्ण केले. केस पुन्हा आले, आधीपेक्षा कुरळे. उजवा हात पूर्वीसारखा वर जात नाही म्हणून मोठ्यांचे कपडे शिवायला घेणं तिनं सोडलं, लहान पोरींचे फ्रॉक तेवढे शिवते. माझा प्रबंध बाटलीतल्या पेशींवरच पुरा झाला; रुग्णांच्या रक्तातून नक्की सांगण्यासारखं काही हाती लागलं नाही.

पण त्याआधी आणखी काही रुग्णांचं रक्त घ्यायचं होतं. सही घेण्यापूर्वी मी प्रत्येकाला विचारू लागले, "मी तुमाले पुढं काय सांगीन, असं वाटते?" 'काहीच नाही' असं एकानंही म्हटलं नाही. मग मी पुन्हा पहिल्यापासून समजवायला बसायची, आणि बोलताना माझी नजर त्यांच्या हातातल्या फायलीवर असायची, पुढची सलाईन कधी आहे ते शोधत.