चाचांचा टॉवर

सौदीतल्या जेद्दाच्या शराफिया भागात रत्नागिरीकडच्या एका चाचांचं बॅगांचं दुकान आहे. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. माल आणायला ते वर्षातून दोनदा चीनला, ग्वांगझूला जातात. मी बायकोला घेऊन तिथे फिरायला निघालोय म्हटल्यावर त्यांनी खोक्याचा पुठ्ठा फाडला आणि त्यावर नकाशाच काढून दिला.

"संध्याकाळची नदीतली बोट सोडू नका. आणि तो उंच टॉवर! वर नाय गेलात तर चीन बघितलाच नाय."

परतल्यावर भेटायला गेलो, तर चाचांनी मला स्टुलावर बसवून हळूच विचारलं, "वरनं काय दिसतं हो?"

"म्हणजे? तुम्ही गेला नाहीत?"

"एकेक बॅगेची चेन उघडून बघेपर्यंत विमानाची वेळ होते, भाऊ."

मग मी सगळं सांगितलं. खालचा बाजार काडेपेटीएवढा दिसतो. काचेच्या जमिनीवर माझे पाय लटपटले, बायकोने हाताला धरून बाहेर काढलं.

पुढच्या शुक्रवारी चाचा एका गिऱ्हाइकाला सांगत होते, "बाजार काडेपेटीएवढा!" मला पाहून ते क्षणभरच अडखळले. "विचारा यांना. पाय लटपटले तेव्हा हाताला कुणी धरलं?"

"चाचांनीच," मी म्हणालो.

बायकोला अजून सांगितलेलं नाही.