वकीलसाहेबांचं मोकळं टेबल

वकीलसाहेबांना त्यांच्याच वाचनालयातून बाहेर काढलं, ते एकोणीसशे त्रेसष्ट साली, पोळ्याच्या आदल्या दिवशी, दुपारी चार वाजता. काढलं नव्या समितीनं. ती समिती आणली आम्ही. ज्या अर्जामुळे ती आली, त्यावर पहिली सही माझी आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी चिडून लिहिलं तर राग कोणाकोणावर आहे ते कळेल.

अमरावतीत ज्यांनी ते वाचनालय पाहिलं, त्यांना वकीलसाहेबांचं अर्धं उठणं आठवत असेल. दारात कोणीही आलं की खुर्चीच्या हातांवर जोर देऊन ते अर्धे उठायचे, "या" म्हणायचे आणि परत बसायचे. कचेरीतला साहेब असो की कापसाच्या गाडीवरचा हमाल, उठणं तेवढंच. नाव, गाव, जात विचारणं नाही. मी वस्तीतला, एकवीस वर्षांचा, पत्रकं लिहून छापणारा, हाताला सदा शाईचे डाग. मलाही "या पत्रकवाले, बसा तुमी." माझ्या बापाला उभ्या आयुष्यात कोणी 'तुमी' म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं.

खिडकीजवळ एक लांब टेबल होतं. त्यावर कोणीही, काहीही छापलेलं आणून ठेवावं. कीर्तनाची जाहिरात, निवडणुकीचा जाहीरनामा, आमच्या धम्माची पुस्तिका, ती ठेवू नये म्हणणाऱ्यांचं उत्तर, सगळं शेजारी शेजारी. वाऱ्यानं उडू नये म्हणून प्रत्येकावर पूर्णा नदीतला एक गोटा. कोणी तक्रार केली की म्हणायचे, "मले पटते तेच ठेवलं, तर हे टेबल कायचं? ते माझ्या घरचं कपाट झालं."

स्वतःला ते जुना उदारमतवादी म्हणवून घेत. सरकारनं चोर धरावा, रस्ता दुरुस्त करावा, न्याय करावा आणि मग माणसाच्या वाटेतून बाजूला व्हावं, एवढंच त्यांचं म्हणणं. कामाचे तास कायद्यानं ठरवणं त्यांना मान्य नव्हतं. मालक आणि मजूर आपसात ठरवतील. मदत सरकारची नको, शेजाऱ्याची चालेल. हे सगळं ते इतक्या गोड आवाजात सांगायचे, की माझं डोकं आणखीच तापायचं.

एकदा मी बोललोच. "वकीलसाहेब, तुमाले जन्मभर सरकारच अडवताना दिसलं. आमाले अडवाले सरकार कायले लागते? पाणवठ्यावरची एक बाई पुरते."

ते हसले नाहीत. "तिलेही कायद्यानं अडवता येते."

"आणि भुकेले? अंधाराले?"

"पत्रकवाले, कोणी अडवू नये, हे माझं स्वातंत्र्य. कोणी हात द्यावा, हे तुमचं. पण हात देणारा मग हात धरूनही ठेवते, हे ध्यानात घ्या."

"हात देणाराच नसला त पडलेला माणूस मोकळाच हाये म्हणा! पडून राहाले मोकळा!"



माझी बहीण शेवंता जिनिंगमध्ये कापूस निवडायची. छप्पन सालच्या धम्मदीक्षेनंतर वस्तीत वाचायची भूक लागली होती. ती रात्रशाळेत अक्षरं शिकली. वाचनालय सहाला बंद होई, जिनिंग सुटे साडेसहाला. तिनं कुलूपच पाहिलं. वकीलसाहेबांना सांगितलं, तर म्हणाले, "दार कोणाले बंद नाई." दिवे आणि संध्याकाळचा माणूस यांसाठी सरकारी अनुदान घ्या म्हटलं, तर म्हणाले, "आज सरकार दिवा देईन, उद्या कोणतं पुस्तक वाचाचं ते सांगन."

मी घरी येऊन पत्रक लिहिलं. 'उघड्या दाराचे ढोंग.' त्यात त्यांना आरामखुर्चीतला स्वातंत्र्यवीर म्हटलं. दुसऱ्या दिवशी ते पत्रक टेबलावर होतं. ठेवलं त्यांनीच. वर सगळ्यांत मोठा गोटा.

आम्ही सह्या गोळा केल्या. अनुदान आलं, नियमाप्रमाणे समिती आली, समितीचा अध्यक्ष झाला एक जिनिंगवाला. वकीलसाहेब नुसते सल्लागार उरले. दिवे लागले. शेवंता संध्याकाळी बाकावर बसून ओळीखाली बोट सरकवत वाचू लागली. ते पाहून मला वाटलं, आपण जिंकलो. त्याबाबतीत आजही मी माझा शब्द मागे घेत नाही.

मग मी अध्यक्षांच्या जिनिंगवर पत्रक काढलं. बायांना दिवसभर प्यायला पाणी नाही, तास कायद्याबाहेरचे. वकीलसाहेबांना त्यातलं तासांचं कलम अजिबात पटलं नाही. पेन्सिलनं बाजूला 'असहमत' लिहून त्यांनी ते टेबलावर ठेवलं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी अध्यक्ष आले. वकीलसाहेब सवयीनं अर्धे उठले. "हा कचरा उचला," अध्यक्ष म्हणाले. "सरकारी पैशाच्या जागेत चिथावणी चालणार नाई."

"मी उचलणार नाई. तुमी उत्तर छापून आणा, बाजूले ठेवतो."

"मंग तुमीच उचला आता तुमचं बस्तान."

वकीलसाहेब पूर्ण उठले. काठी घेतली, टोपी घातली आणि गेले. शिपायानं टेबल बाहेर ओढलं. हे मला शेवंतानं सांगितलं. सणाची सुट्टी लवकर झाली म्हणून ती तिथे होती. ती म्हणाली, "तुह्या कागदासाठी गेले ते, दादा. तू कुठं होता?"

मी दुसरं पत्रक छापत होतो.

आम्ही अर्जात दिवे मागितले, बाकं मागितली, संध्याकाळची वेळ मागितली. टेबलाबद्दल एक ओळ लिहिली नाही. ते असणारच, असं धरून चाललो. हवेसारखं.

दसऱ्यानंतर ते मुलीकडे अकोल्याला निघाले. बडनेरा स्टेशनवर मी गेलो. त्यांची वळकटी डब्यात चढवली. तेच म्हणाले, "दिव्याचं तुमचं बरोबर होतं, पत्रकवाले. तुमच्या बहिणीले वाचताना पाहिलं मी. माझी चूकच होती ते."

"आणि बाकीचं?"

"किल्ली देण्याआधी पाहून घ्या, कोणाले देऊन राहिले. बस, इतकंच." गाडी हलली, तेव्हा खिडकीतून म्हणाले, "त्या तासांच्या कलमावर मात्र मी अजून असहमतच हाये, बरं का!"

संक्रांतीनंतर अकोल्याहून कार्ड आलं. मुलीच्या हातचं. चार ओळी. मी पोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं. त्यांच्या वादाला मी अर्धंच उत्तर दिलं होतं. उरलेलं द्यायला आता माणूस नाही.

वाचनालयाच्या सभासदांनो, वार्षिक सभा येते आहे. तीत मी ठराव मांडणार आहे: संध्याकाळची वेळ आणि दिवे कायम राहतील, आणि टेबल परत खिडकीजवळ येऊन त्यावर कोणाचंही पत्रक ठेवता येईल, समितीच्या विरोधातलंसुद्धा. दोन्ही एकाच ठरावात आहेत. एकाला हो आणि दुसऱ्याला नाही म्हणायची सोय मी ठेवलेली नाही. अध्यक्ष समोर बसलेले असतील, तुमच्यापैकी कित्येकांची रोजी त्यांच्या हातात आहे, हे मला माहीत आहे. तरी या. आणि त्यांच्या डोळ्यांदेखत हात वर करा.