काळी वायर

माझ्या थोरल्या बहिणीशी मी जवळजवळ वर्षभर खोटं बोलत होतो. खोटं लहानसं आहे आणि तिच्याच भल्यासाठी आहे, अशी मी स्वतःची समजूत घालत असे. सप्तशृंगीच्या वाटेवर आमच्या बाबतीत जे घडलं, ते सांगायला बसलो तर सुरुवात या खोट्यापासूनच करावी लागते. तो चमत्कार होता की योगायोग, हे मला ठरवता येत नाही, ठरवायचंही नाही. जसं घडलं तसं लिहितो.

आई गेली तेव्हा मी सात वर्षांचा होतो आणि ताई पंधरा. तिनं मला वाढवलं, शिकवलं, माझं लग्न लावून दिलं आणि स्वतःच्या लग्नाचा विषय कधी काढू दिला नाही. सरकारी दवाखान्यात ती नर्स होती, नोकरीतली बरीच वर्षं तिनं सुरगाण्याकडे काढली. तिथल्या एका डॉक्टरांची बदली झाली तेव्हा त्यांची जुनी अँबॅसडर तिनं विकत घेतली आणि महिनाभरात चालवायलाही शिकली. निवृत्त झाल्यावर ती गाडी घेऊनच पंचवटीतल्या घरी आली. माझी पत्नी वारल्यावर मीही तिच्याकडेच राहायला गेलो. वर्षातून दोनदा ताई स्वतः गाडी चालवत सप्तशृंगी गडावर जायची. देवीची ओढ तिला होती. गाडी मलाही चालवता यायची, पण मी शेजारी बसून जायचो, हात जोडायचो आणि प्रसाद घेऊन परत यायचो, इतकीच माझी भक्ती.

त्या गाडीच्या बॅटरीला ताई घरातल्या माणसासारखी जपायची. दर रविवारी सकाळी बॉनेट उघडून सहाही बुचं एकेक काढायची, आत वाकून बघायची आणि आतल्या पट्ट्या बुडतील इतकं डिस्टिल्ड वॉटर घालायची. नळाचं पाणी कधी घालू नये, हे तिनं मला शंभरदा सांगितलं असेल. टोकांवर पांढरी-हिरवट पावडर धरली की गरम पाण्यात खायचा सोडा कालवून ओतायची, जुन्या टूथब्रशनं घासायची, कोरडं करायची आणि वरून ग्रीसचं बोट फिरवायची. वायरी सोडायच्या तर काढताना काळी आधी आणि लावताना काळी शेवटी, हा तिचा नियम. मी पेपर वाचत हुं हुं करायचो. एवढं करून ती गाडी आपल्याला नेते तरी कुठे, असं एकदा म्हणालोही होतो. ती नुसतं फडक्याला हात पुसत राहिली.

ताईला चौऱ्याहत्तरावं लागलं तेव्हाची गोष्ट. गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, नजरही पहिल्यासारखी राहिली नव्हती. एका सकाळी भाजीबाजाराच्या गल्लीत तिच्या गाडीचा धक्का एका हातगाडीला लागला. कुणाला काही झालं नाही, टोमॅटो तेवढे रस्ताभर घरंगळले. ताईनं उतरून ते वेचायला मदत केली, माफी मागितली आणि घरी येऊन हसत हसत मला सांगितलं. मला हसू आलं नाही. उद्या टोमॅटोच्या जागी एखादं लेकरू असलं तर, हे डोक्यातून जाईना. तेव्हा मी तिच्यासमोर बसून बोलायला हवं होतं. ताई, मला भीती वाटते, आता तू गाडी चालवू नकोस, एवढंच म्हणायचं होतं. पण जिनं मला हाताला धरून चालायला शिकवलं, तिला हे सांगायचं धैर्य माझ्यात नव्हतं. दुसऱ्या दिवशी ती पूजेला बसलेली असताना मी शेडमध्ये गेलो आणि तिनंच शिकवल्याप्रमाणे बॅटरीची काळी वायर काढून बाजूला सारून ठेवली. ताईला म्हणालो, "बॅटरी गेली गं."

"नवी आणू या मग," ती म्हणाली.

मी हो म्हणालो. मग आठवड्यामागून आठवडे सबबी सांगत राहिलो. कधी त्या मापाची बॅटरी आता मिळत नाही, कधी मागवली आहे, कधी दुकानदार गावाला गेलाय. ताई दर थोड्या दिवसांनी विचारायची, "आली का रे बॅटरी?" त्या विचारण्यात राग नसायचा. रविवारी बॉनेट उघडणं तिनं सोडून दिलं होतं, पण संध्याकाळी ती शेडमध्ये जाऊन स्टिअरिंगसमोर नुसती बसून राहायची. नवरात्र आलं तेव्हा गडावर जायला मी भाड्याची गाडी सुचवली. "आपली गाडी असताना?" एवढंच ती म्हणाली आणि त्या वर्षी गेलीच नाही. ती एवढ्या सहजासहजी ऐकते याचं मला आश्चर्य वाटायला हवं होतं. मला मात्र माझी युक्ती फळाला आल्यासारखं वाटलं.

पौषात ताईला पक्षाघाताचा झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. तीन आठवड्यांनी घरी आणलं तेव्हा ती सगळं ऐकायची, समजायची, पण तोंडातून अर्धामुर्धा शब्द यायचा आणि तोही फार कष्टानं. मी तिचं सगळं करू लागलो. एकदा केस विंचरताना मी विचारलं, "ताई, काही इच्छा आहे का?" ती बराच वेळ ओठ हलवत राहिली, आणि शेवटी म्हणाली, "गड." मग डाव्या हातानं खिडकीबाहेर शेडकडे दाखवलं.

त्या दिवशी मी कितीतरी महिन्यांनी बॉनेट उघडलं. वायर जोडली, किल्ली फिरवली, काहीच झालं नाही. इतके महिने नुसती पडून, पाण्यावाचून, बॅटरी खरोखरच संपली होती. मी सांगितलेलं खोटं माझ्या हातानं खरं झालं होतं. शेडमध्ये खाली बसून मी रडलो. देवीपुढे इतकी वर्षं हात जोडले, पण मनापासून बोललो ते तिथे, त्या मेलेल्या बॅटरीसमोर. म्हणालो, आई, एवढी एक वारी घडू दे, मग मला हवी ती शिक्षा दे.

नवी बॅटरी आणली आणि हट्टानं स्वतःच बसवली. मेकॅनिकनं गाडीचं बाकी सगळं बघितलं, पण बॅटरीला मी त्याला हात लावू दिला नाही. फाल्गुनातल्या एका सकाळी शेजाऱ्यांनी ताईला उचलून मागच्या सीटवर उशांच्या आधारानं बसवलं आणि आम्ही दोघं निघालो. दिंडोरीपर्यंत सगळं छान चाललं होतं. दोन्ही बाजूंना द्राक्षबागा, खिडकीतून वारा, आरशात बघितलं की ताईचे डोळे मिटलेले आणि चेहरा शांत. दिंडोरी मागे पडल्यावर तिच्या गोळीची वेळ झाली म्हणून मी गाडी बाजूला घेऊन बंद केली. गोळी दिली, पाणी पाजलं आणि परत किल्ली फिरवली. टक् असा एक आवाज आला. पुन्हा फिरवली, तर तोही नाही. हॉर्न नाही, दिवा नाही, काहीच नाही.

बॅटरी नवीकोरी, वायरी हातानं हलवून पाहिल्या तर घट्ट. मेकॅनिकला फोन केला, तो म्हणाला यायला दीड तास तरी लागेल. डोक्यावर ऊन आलं होतं, आसपास धड सावली नाही, गाडीचा पत्रा तापायला लागला. ताईचा चेहरा लाल झाला, श्वास भरभर चालू लागला. मी हात केला त्या दोन-तीन गाड्या थांबल्या नाहीत. हीच ती शिक्षा, असं मनात आलं. पण शिक्षा मला व्हायला हवी होती, आणि ती सोसत होती ताई.

तेवढ्यात एक जीप आम्हाला ओलांडून पुढे गेली, थांबली आणि मागे आली. द्राक्षांचं काम उरकून सुरगाण्याकडे परतणारी माणसं होती, गाठोड्यांसकट दाटीवाटीनं बसलेली. कपाळावर गोंदण असलेली, पन्नाशीची एक बाई आधी उतरली. मला काही विचारण्याआधीच तिनं गाडीत डोकावून बघितलं. "आई लय तापली," ती म्हणाली. आपल्या बाटलीतल्या पाण्यानं तिनं पदर भिजवला, आत शिरून ताईचं डोकं मांडीवर घेतलं आणि तोंड, मान पुसू लागली. जीपचा ड्रायव्हर बॉनेटमध्ये वाकला. "बॅटरी तर नवी हाय," तो म्हणाला. चार जणांनी धक्का मारून बघितला, गाडी सुरू झाली नाही.

मग ताईच्या घशातून आवाज येऊ लागला. मला वाटलं पाणी हवं असेल. बाईनं कान लावून ऐकलं आणि मला हाक मारली. "बाबा, आई कायतरी सांगते. काळी म्हणते."

मी खिडकीशी गेलो. ताई माझ्याकडे एकटक बघत होती. एकेक शब्द ओढून काढत म्हणाली, "काळी... तू... काढलीस."

मी घाईघाईनं म्हणालो, "नाही गं ताई, आज नाही काढली!"

शब्द तोंडातून गेल्यावर मला कळलं. तिला माहीत होतं. पहिल्यापासून माहीत होतं. गडावर न्यायचं नाही म्हणून मी आजही तेच केलं, असं तिला वाटलं होतं.

"आज नाय म्हंजे?" बाईनं सरळपणे विचारलं.

त्या अनोळखी माणसांसमोर, भर रस्त्यात, मी सगळं सांगून टाकलं. ताईनं गाडी चालवू नये म्हणून मीच वायर काढली होती, वर्षभर तिच्याशी खोटं बोललो होतो. सांगताना मी ताईकडेच बघत होतो. मग ती बाई, जशी लेकराची समजूत काढावी तशी म्हणाली, "बरं. मग आता नीट लावा."

ताईनं डावा हात उचलून बोट जमिनीकडे केलं. "खाली," ती म्हणाली.

ड्रायव्हरला आधी उमगलं. काळ्या वायरचं दुसरं टोक खाली गाडीच्या पत्र्याला बोल्टनं जोडलेलं असतं. बसवताना मी तिकडे बघितलंच नव्हतं. बोल्ट ढिला होता आणि पत्रा गंजला होता. ड्रायव्हरकडे पाना होता, पण घासायला काही नव्हतं. बाईनं द्राक्षं काढायची आपली कात्री कमरेतून काढून मला दिली. तिच्या पात्यानं मी गंज खरवडला, खालचा पत्रा पांढरा दिसेपर्यंत. बोल्ट आवळला, किल्ली फिरवली आणि गाडी एका झटक्यात सुरू झाली. जीपमधल्या बायांनी देवीचा जयजयकार केला.

मी हात जोडून काय बोलावं ते शोधत होतो, पण त्यांना गाव गाठायची घाई होती. "आमचा पण नमस्कार सांगा गडावरच्या आईला," ती बाई जाता जाता म्हणाली. तिचं नाव विचारायचंही मला सुचलं नाही.

गडावर रुळांवरच्या ट्रॉलीनं वर गेलो, सेवेकऱ्यांनी ताईला चाकाच्या खुर्चीत बसवून गाभाऱ्यासमोर नेलं. देवीसमोर ताईच्या डोळ्यांतून नुसतं पाणी वाहत होतं. त्या बाईचा नमस्कार मी आधी सांगितला. मग देवीकडे पाठ होते आहे हे ध्यानात न येता मी वळलो आणि ताईच्या पायांवर डोकं ठेवलं. तिचा डावा हात माझ्या डोक्यावर येऊन थांबला.

त्यानंतर ताई चार महिने होती. तेवढ्या दिवसांत, तुटक तुटक शब्दांतून, मला बाकीचं कळलं. मी वायर काढली त्याच दुपारी तिनं बॉनेट उघडून पाहिलं होतं. वायर परत जोडायला तिला अर्धं मिनिटही लागलं नसतं. तिनं हातात धरलीही होती. "मग का नाही लावलीस?" मी विचारलं.

बराच वेळ लागला तिला. "तुला... झोप... लागली नसती."

शरणागतीवरची प्रवचनं मी पुष्कळ ऐकली आहेत. पण माझ्या भीतीपुढे आपली सगळ्यांत आवडती गोष्ट मुकाट्यानं ठेवून देणारी बहीण माझ्याच घरात होती, आणि तिच्या त्या गप्प बसण्याला मी वर्षभर माझी हुशारी समजत होतो. देवीनं मला शिक्षा दिली नाही. त्या गोंदणवाल्या बाईला पाठवून तिनं फक्त माझ्या तोंडून खरं वदवून घेतलं, आणि तेही ऐकायला ताई होती तोवर. याचे उपकार मी विसरू शकत नाही. पण ज्या नवरात्रात ताई स्वतः गाडी चालवत, स्वतःच्या पायांनी देवीसमोर उभी राहू शकली असती, ते नवरात्र तिला परत देणं कुणाच्याच हातात नाही. मी एकदा तिच्यासमोर बसून, मला भीती वाटते, एवढंच म्हणालो असतो, तर किल्ली तिनं आपणहून माझ्या हातात ठेवली असती.