क्रेनमावशीला वर जायचंय

तुम्हाला शेवटचं कुणी उचलून घेतलं होतं, सांगता येईल? डोकं खाजवू नका. मोठ्या माणसाला उचलतात ते आजारपणात, नाहीतर मेल्यावर. आणि जी बाई जन्मभर दुसऱ्यांना उचलते, तिला तर तेवढ्यासाठीही कुणी पुढे येईल की नाही, कोण जाणे.

दवाखान्यातली क्रेनमावशी तशीच. हाडांच्या वॉर्डात सव्वीस वर्षं आया. वय बावन्न, वजन चौऱ्याऐंशी. खाटेवरून स्ट्रेचरवर, स्ट्रेचरवरून एक्स-रेच्या टेबलावर, दिवसाला वीस माणसं. डॉक्टर आरामात हाक मारणार, "अरे, क्रेन कुठाय?" नवीन होती तेव्हा संतापायची. मग म्हणाली, जा, क्रेन तर क्रेन, माझ्यावाचून तुमचा एक पेशंट हलवून दाखवा.

एका शनिवारी ती युनियनच्या बैठकीला तासभर आधी पोचली. हॉलमध्ये दहा-बाराजण गुडघ्यांना पट्टे बांधून एकमेकांच्या अंगावरून लोळत होते. ठरलेली पावलं नाहीत, गाणं नाही. दोघांनी अंगाला अंग टेकायचं, एकमेकांवर भार टाकायचा आणि त्यातून जी हालचाल निघेल तिच्यामागे जायचं, असा तो नाच. शिकवणारी बाई तिशीतली. म्हणाली, "मावशी, दारात कशाला? आत या."

मावशी आत गेली ती गेलीच.

घरी नवऱ्याने तोंड वाकडं केलं. "म्हातारचळ लागला का? परक्या पुरुषांच्या अंगावर पडायचं म्हणजे नाच?"

"दवाखान्यात रोज परके पुरुष कवेत धरून खाटेवर चढवते, तेव्हा नाही तुमच्या पोटात दुखलं. पगार येतो म्हणून?"

नवऱ्याने टीव्हीचा आवाज वाढवला. वाद संपला.

तीन महिने मावशी खाली होती. कॉलेजच्या पोरी तिच्या पाठीवरून सरकत, खांद्यावर आडव्या होऊन तरंगत. मावशी खांबासारखी उभी. मग रविवारच्या जाहीर प्रयोगासाठी बाईने फळ्यावर जोड्या लिहिल्या, वर कोण आणि खाली कोण. क्रेनमावशी पाच जोड्यांत, पाचही वेळा खाली.

"मला एकदा वर जायचंय," मावशी म्हणाली.

हॉलमध्ये खसखस पिकली. बाई गोड आवाजात म्हणाली, "मावशी, तुमच्यासारखा आधार दुसरा कुठे मिळणार?"

"आधार भिंतीलाही म्हणतात. मी भिंत नाही."

"तसं नाही हो. सुरक्षिततेचा प्रश्न आहे. तुम्हाला घेणार कोण?"

"मग माझी पाठ आजपासून बंद. या पाच पोरींनी आपापल्या पायांवर नाचावं." मावशीने गुडघ्यांचे पट्टे सोडले आणि बाकावर जाऊन बसली. संप कसा करतात, हे तिला कुणी शिकवायला नको होतं.

गलका झाला. त्यातून वर्गातलाच टेलरमास्तर पुढे आला. काडीसारखा माणूस, भिजून आला तरी साठ किलो भरणार नाही. "ताई, मी बघतो. बाईच म्हणतात ना, हाताने उचलायचंच नाही. आपण खाली जायचं, कंबर समोरच्याच्या कमरेखाली न्यायची. मग वरच्याने अंग सोडून दिलं की झालं."

"मास्तर, तुमच्या बायकोला कळवून ठेवलंय ना?"

"ती म्हणेल, सुटले."

पहिल्या खेपेला मावशीने दोन्ही हातांनी मास्तरची मान आवळली. मास्तर गुडघ्यांवर आला, दोघं चटईवर लोळले. पोरी तोंड दाबून हसल्या. दुसऱ्या खेपेला मावशीने मान सोडली, पण अंग लाकडासारखं ताठ.

"ताई, तुम्ही येतच नाही माझ्यावर," मास्तर धापा टाकत म्हणाला. "पायांनी जमीन धरून ठेवलीय."

मावशी चपापली. सव्वीस वर्षं ती पेशंटवर खेकसत आली होती, "गळा धरू नकोस रे बाबा, ताठ झालास की दुप्पट जड होतोस. टाक अंग माझ्यावर." तिला वाटायचं, ऐकत नाहीत मेले. ते घाबरलेले असत. आज तिची पाळी होती, आणि घाबरलेय हे कबूल करायचा तिला भयंकर राग आला. मास्तरचा नव्हे, स्वतःचा.

"पुन्हा," ती म्हणाली.

मास्तर तिच्यासमोर आडव्या अंगाने उभा राहिला आणि गुडघे वाकवून पार खाली गेला. मावशीने पोट त्याच्या कमरेवर टेकवलं, हात मोकळे सोडले, श्वास टाकला आणि सगळंच्या सगळं वजन त्याच्या अंगावर ओतलं. चौऱ्याऐंशी किलो, काही न लपवता. मास्तरने गुडघे हळूहळू सरळ केले. मावशीचे पाय फरशीवरून सुटले. तीन श्वास ती तिथेच होती, कुणालाही न धरता. मग घसरत खाली आली आणि पायांवर उभी राहिली.

कुणी हसलं नाही. बाई काही बोलायच्या आत मावशीने खडू उचलून तिच्या हातात दिला. बाईने एक जोडी पुसली आणि नव्याने लिहिली. खाली टेलरमास्तर, वर क्रेनमावशी.

प्रयोग रविवारी सकाळी दहाला आहे. या. तिचे पाय सुटतील तेव्हा "अगं बाई, पडेल" म्हणून ओरडू नका, त्या काडीसारख्या माणसाची कीव करू नका आणि सावरायला धावू नका. तेवढे तीन श्वास हात मांडीवर ठेवून गप्प बसा आणि तिला वर राहू द्या.