मीठ कोणी घालायचं

कुळगावच्या उमाताई प्रधानांच्या लोणच्याला अंबरनाथ-उल्हासनगरपर्यंत गिऱ्हाईक होतं. घरामागच्या शेडमध्ये आठ बायका कैऱ्या फोडत. पण मीठ घालायचं ताईंनी आणि चाखायचंही ताईंनीच. संकष्टीला आणि दोन्ही एकादशींना त्यांचा उपास, त्यामुळे त्या दिवशी मिठाचं काम बंद. बायका म्हणत, “आपली सुट्टी पंचांगात छापून येते!”

एकदा बकुळाने घाईत स्वतःच मीठ घातलं, तर ताईंनी तिला त्याच दिवशी कामावरून काढलं. ते लोणचं झकास मुरलं होतं, हे त्यांनी यजमानांपाशी कबूल केलं. बकुळापाशी मात्र नाही.

यजमान श्यामकांतराव, म्हणजे शेडमधल्या बायकांचे ‘भाऊ’, म्हणत, “अगं, जिवलीवर सोपव की. अकरा वर्षं तुझा हात बघतेय ती.”

जिवली चामटोलीकडच्या ठाकरवाडीतली. “तिने चाखलेलं लोकांना चालेल का?” ताई विचारत. लोकांचं नाव पुढे करणं सोपं; संकोच त्यांचा स्वतःचाच होता.

एकोणनव्वदच्या मे महिन्यात एका सकाळी सहा पिंपं भरून फोडी तयार झाल्या आणि श्यामकांतराव छाती धरून ओट्यावर बसले. ताई त्यांना घेऊन उल्हासनगरच्या हॉस्पिटलात निघाल्या. जाताना शेडकडे वळून एवढंच म्हणाल्या, “मी आल्याशिवाय कोणी हात लावायचा नाही.”

तिसऱ्या दिवशी कपडे न्यायला त्या तासाभरासाठी घरी आल्या. शेडमध्ये आंबूस वास. फोडी काळ्या, बुळबुळीत. बायका रोज कामावर येऊन नुसत्या माश्या हाकत बसल्या होत्या.

“अगं, मीठ तरी घालायचं!”

“तुमीच नको म्हणलात,” जिवली म्हणाली.

“किती घालायचं, ठाऊक होतं तुला?”

“पिंपाला नऊ किलो. कैरी पाडाला लागली असंल तं वरून दोन मुठी.”

“मग घातलं का नाहीस?”

“बकुळाचं काय झालं ते बघितलंय ना आमी.”

ताई पिंपाच्या काठाला धरून उभ्या राहिल्या. रागवायला कोणी सापडेना.

“हंगामाचे दहा-बारा दिवस उरलेत,” त्या शेवटी म्हणाल्या. “नवा माल तू आण. मीठ तू घाल, चाखायचंही तूच. इथे आता तुझा शब्द.”

जिवली लगेच हो म्हणाली नाही. “बकुळाला परत बोलवीन मी.”

“बोलव.”

“मंग तुमी हितं कशाला उभ्या? भाऊंजवळ जा. नि मधी येऊन झाकणं उघडायची नाय, सांगून ठेवते.”

आयुष्यात पहिल्यांदा ताईंनी त्या शेडमध्ये कोणाचं तरी ऐकलं.

श्यामकांतराव त्या दुखण्यातून उठले नाहीत. पण पुढचे चौदा दिवस ताई त्यांच्या खाटेशेजारून हलल्या नाहीत. लोणच्याचं काय झालं, असं श्यामकांतरावांनीच दोनदा विचारलं. ताई म्हणाल्या, “जिवली आहे.” मग दोघं जुन्या गोष्टी बोलत बसत. लोणच्याच्या धंद्यात पडल्यापासून इतकं बोलणं त्यांचं झालंच नव्हतं.